ढिगाऱ्यात शिरणारा रोबो कसा शिकतो आणि कसा ठरवतो?

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन झालेलं, गावं गाढ झोपेत. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातलं किल्लारी आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातलं सास्तूर जमीनदोस्त झालं. हजारो माणसं गेली. घरं माळवदाची होती, म्हणजे मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर लाकडांवर मातीचा थर. लोकांनी हातांनी, फावड्यांनी ढिगारे उपसले.

अशा जागी माणसाच्या आधी यंत्र पाठवता येईल का? १९९५ मध्ये जपानमधल्या कोबेला भूकंप झाला आणि त्यानंतर या प्रश्नावर जोरात संशोधन सुरू झालं. २००१ साली न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या ढिगाऱ्यात छोटे रोबो उतरवले गेले. पण बाहेर बसलेला माणूस कॅमेऱ्यात बघून त्यांना चालवायचा. संपर्क तुटला की रोबो म्हणजे नुसता डबा.

तो एकटा पडला तरी काम चालू राहावं, यासाठी दोन शास्त्रं एकत्र येतात. मशीन लर्निंग म्हणजे उदाहरणांतून आणि चुकांतून शिकणं. कॉग्निटिव्ह रोबोटिक्स म्हणजे भोवताल समजून घेणं, लक्षात ठेवणं आणि पुढे काय करायचं ते ठरवणं.

दोन्ही एकत्र कसं चालतं, हे २०२१ मध्ये अमेरिकेत केंटकीतल्या एका भुयारी स्पर्धेत दिसलं. 'डार्पा' या संस्थेच्या या स्पर्धेत अंधारात लपवलेले पुतळे, फोन, पाठपिशव्या शोधायच्या होत्या. 'सर्बेरस' हा संघ जिंकला. त्याचे चार पायांचे 'ॲनिमल' रोबो चालायला शिकले होते ते कॉम्प्युटरमधल्या खोट्या जगात, हजारदा पडून-धडपडून. हा झाला लर्निंगचा भाग. कुठे जाऊन आलो याचा नकाशा ठेवणं, कुठला बोळ बघायचा राहिला ते ठरवणं, संपर्क तुटला तर माघारी येणं, हा दुसरा भाग.

यातली सगळ्यात भारी गोष्ट चालण्यातच आहे. कॅमेरा आणि लेझर फसतात. उंच गवत त्यांना भक्कम अडथळा वाटतं, भुसभुशीत बर्फ पक्की जमीन वाटतो. अशा वेळी डोळ्यांवर किती विसंबायचं आणि पायांना लागणाऱ्या जमिनीवर किती, हे रोबो सरावातून शिकला. वीज गेल्यावर आपण पायाने चाचपत जिना उतरतो, तसंच. या पद्धतीने तो स्वित्झर्लंडमध्ये १२० मीटरची चढण ३१ मिनिटांत चढला.

मग सास्तूरसारख्या ठिकाणी तो उपयोगी पडला असता का? इथे जरा थांबायला हवं. सिमेंटचे स्लॅब कोसळले की अनेकदा मध्ये पोकळ्या राहतात, माणूस त्यात तग धरतो आणि रोबोलाही शिरायला वाट मिळते. दगड-मातीचं घर बसलं की माती फटी बुजवते, धुळीने श्वास कोंडतो. भुयारात हुशार ठरलेल्या रोबोला तिथे आत जायला जागाच नाही. शिवाय शिकलेलं यंत्र सरावात जे पाहिलं त्यातच पटाईत असतं, आणि त्याच्या सरावात कोसळलेलं माळवद सहसा नसतं.

मराठवाड्यातल्या जुन्या गावठाणांत अशी घरं आजही उभी आहेत. त्यांच्यासाठी रोबो करायचा, तर तो आत घुसणारा नको. ढिगाऱ्यावरून हलक्या पावलांनी फिरणारा, खालचा आवाज टिपणारा आणि 'आधी इथे उकरा' असं सांगणारा हवा. उकरायला माणसंच लागतील.