आजी, नातू आणि दत्तविधान

दत्तविधानाचा विधी ज्यांनी एकदा तरी पाहिला असेल, त्यांस तो क्षण सहसा विसरता येत नाही. जन्मदाता बाप हातावर पाणी सोडून 'दिला' म्हणतो, दुसरा 'घेतला' म्हणतो, आणि मूल या मांडीवरून त्या मांडीवर जाते. मग होम होतो, पेढे वाटले जातात. त्या गर्दीत मागल्या बाजूस, खांबाला टेकून, बहुधा एक म्हातारी बसलेली असते. ती देणाऱ्याची आई. तिला कोणी विचारलेले नसते, आणि शास्त्राप्रमाणे विचारावयाचे कारणही नसते. आज मला बोलावयाचे आहे ते या म्हातारीविषयी. मूल दत्तक गेल्यावर त्याच्या जन्मघरच्या आजीआजोबांचा त्याच्यावर काही हक्क उरतो की नाही?

धर्मशास्त्राचे उत्तर कोरडे आहे. पुत्र देण्याचा अधिकार वसिष्ठाने आईबापांस दिला; आजोबाआजीचे त्यात नाव नाही. मनूने तर दत्तकास जनकाचे गोत्र आणि धन ही दोन्ही वर्ज्य केली, आणि जेथे गोत्र व धन नाही तेथे पिंडही नाही असे सांगितले. म्हणजे नातवाने एके दिवशी आपल्याला पाणी द्यावे ही आजोबांची आशा त्या एका 'दिला'बरोबर संपली. सुटकेची वाट एकच होती. 'हा मुलगा आपणां दोघांचा' असा करार आधी झाला, तर तो द्व्यामुष्यायण, म्हणजे दोन्ही घरचा पुत्र ठरे. गंमत अशी की, विवाहाची गोष्ट निघाली की हेच शास्त्र तुटलेले नाते पुन्हा जोडते. दत्तक गेलेल्यास जन्मघरच्या चुलतबहिणीशी लग्न करता येत नाही. रक्त निषेधापुरते उरते, मायेपुरते नाही!

तरीही आपल्या समाजात या आजीचा आक्रोश फारसा ऐकू आला नाही, आणि त्याचे कारण साधे आहे. शास्त्रकारांनी दत्तक शक्य तो सपिंडांतलाच, त्यातही भावाचा मुलगा घ्यावा असे सुचविले. धाकट्याचा मुलगा थोरल्याच्या मांडीवर गेला, तर आजी तीच आणि माजघरही तेच. मुलाने बापाला काका म्हणावयास शिकावे, एवढाच काय तो पालट. मूल दूरच्या घरी गेले, किंवा दत्तकाबरोबर दौलतही गेली, म्हणजे मात्र गाठ बसे.

अशी गाठ मराठ्यांच्या इतिहासात एकदा फार घट्ट बसली. शाहू छत्रपतींस पुत्र नव्हता. त्यांच्या अखेरच्या वर्षांत ताराबाईने, राजाराम महाराजांच्या या वृद्ध राणीने, एक गुपित फोडले: माझा नातू जिवंत आहे. १७१४ साली राजसबाई व तिचा पुत्र संभाजी यांनी पन्हाळ्यावर सत्ता बळकाविली, तेव्हा ताराबाई आणि तिचा मुलगा शिवाजी कैदेत पडले होते. १७२६ साली शिवाजी वारला. त्याच्या मुलाच्या जिवास दगाफटका होईल या धास्तीने ते मूल गडावरून गुपचूप बाहेर काढण्यात आले आणि परक्यांच्या नजरेआड वाढले. पुढे तो बार्शीनजीक पानगावास होता. जो नातू जगावा म्हणून वीसबावीस वर्षे जवळ घेतला नाही, तोच आता शाहूच्या मागे गादीवर यावयाचा होता.

१५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू महाराज वारले आणि १७५० च्या आरंभी रामराजा साताऱ्यास आला. मुलगा खरा की तोतया, हा संशय होताच. ग्रँट डफने लिहिले आहे की, ताराबाईने फौजेसमक्ष रामराजाबरोबर जेवावे आणि त्या अन्नाची शपथ घेऊन हा माझा नातू असे सांगावे, अशी अट घालण्यात आली. आजीने नातवाबरोबर घास घ्यावा यात वास्तविक विशेष ते काय? येथे तो घास पुराव्याचा कागद झाला होता.

पुढचा भाग कटू आहे. आपल्या सल्ल्याने नातवाने राज्य करावे आणि पेशव्यांस आवरावे, ही ताराबाईची इच्छा. परंतु रामराजा आता शाहूच्या गादीचा धनी होता. आजी म्हणून त्याजवर हुकूम चालविण्याचा अधिकार तिला कोणत्याच शास्त्राने दिला नव्हता, आणि त्यानेही तो मानला नाही. १७५० च्या चंपाषष्ठीस तिने त्याला साताऱ्याच्या किल्ल्यावर बोलाविले आणि तो परत निघाला तेव्हा दरवाजे बंद केले. नातू आजीच्या कैदेत पडला. मग तिने सांगावयास आरंभ केला की हा माझा नातूच नव्हे, आणि १७५२ साली जेजुरीस खंडोबाच्या देवळात तशी शपथही घेतली. एकाच मुलाविषयी एकाच आजीच्या या दोन शपथा. इतिहासकारांत आजही मतभेद आहे. मला स्वतःला पहिली शपथ खरी वाटते. दुसरीत सत्यापेक्षा संतापच अधिक दिसतो. १७६१ च्या डिसेंबरात ताराबाई वारली, तोवर दोघांची मने जुळली नाहीत.

राजवाड्यातून आता साध्या घराकडे येऊ. १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला. त्याचे श्रेय ईश्वरचंद्र विद्यासागरांस आपण योग्यच देतो. पण त्याचे तिसरे कलम सहसा कोणी वाचीत नाही. बापाने मृत्युपत्रात पालक नेमलेला नसेल आणि विधवेने पुनर्विवाह केला, तर मृताच्या आईबापांस, आजोबांस, पित्याच्या आईस किंवा इतर पुरुष नातलगांस मुलांचा पालक नेमण्यासाठी न्यायालयात अर्ज करता येईल, असे त्यात होते. आजीआजोबांस कायद्याने येथे जागा मिळाली, पण ती आईच्या विरुद्ध! नवे कुंकू लावावे तर मूल हातचे जाईल, या भयाने किती जणी तशाच राहिल्या असतील, याची मोजदाद कोण करणार? हा कायदा १९८३ साली रद्द झाला.

दत्तकाचा १९५६ चा कायदा या बाबतीत शास्त्राच्याच वाटेने गेला. दत्तक झालेल्या दिवसापासून जन्मघराची सर्व नाती तुटली असे त्याचे बारावे कलम सांगते, आणि विवाहाचा तो जुना निषेध तेवढा ठेवते. आजीआजोबांच्या भेटीविषयी त्यात अक्षर नाही. भेट मागावयाची तर मुलाच्या हिताचा आधार घेऊन न्यायाधीशांकडेच मागावी लागते.

अशी मागणी आंध्र प्रदेशातील एका आजीआजोबांनी केली होती. त्यांचा मुलगा २००६ साली वारला, तेव्हा नातू तान्हा होता. पुढच्या वर्षी सुनेने पुनर्विवाह केला. २००८ साली वृद्ध जोडप्याने पालकत्वासाठी अर्ज केला. खालच्या न्यायालयाने मुलास आईपासून तोडण्याचे नाकारले, परंतु आजीआजोबांस भेटीची मर्यादित मुभा दिली. वाद तेथे थांबला नाही. मुलाचे आडनाव मृत पित्याचेच असावे, असे वरच्या न्यायालयाने ठरविले. मधल्या काळात, २०१९ साली, सावत्र पित्याने त्याला रीतसर दत्तक घेतले. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आईचा हक्क मान्य केला: मुलाचे आडनाव ठरविण्याचा आणि त्यास दत्तक देण्याचाही. कागदोपत्री नव्या पतीस 'सावत्र पिता' म्हणावयास लावणे हे मुलाच्या मनाशी जवळजवळ क्रूरपणाचे आहे, असेही न्यायमूर्तींनी म्हटले.

खटला सुरू झाला तेव्हा तो मुलगा दोन वर्षांचा होता. निकाल लागला तेव्हा सोळा वर्षांचा.