स्मार्ट ट्रेनर की रस्त्यावरची सायकल? फरक समजून घ्या

बेळगाव : पावसाळ्यात चोर्ला घाटात किंवा राष्ट्रीय महामार्ग ४८ वर सायकल काढायची म्हणजे पाण्याखाली न दिसणारे खड्डे आणि मागून सुसाट येणारी वाहनं. त्यावर उपाय म्हणून घरातल्या स्मार्ट ट्रेनरकडे पाहिलं जातं.

ट्रेनर : ‘डायरेक्ट ड्राइव्ह’ प्रकारात मागचं चाक काढून सायकल यंत्राला जोडतात. ॲपवर चढ आला की पेडल आपोआप जड होतं. लावलेली ताकद वॅटमध्ये दिसते. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने २०२० मध्ये अशा आभासी शर्यतीची पहिली जागतिक स्पर्धाही घेतली.

फायदा : सिग्नल नाही, गर्दी नाही, तासभराचा व्यायाम सलग होतो. वारा लागत नसल्याने घाम फार येतो. पंखा आणि पाणी जवळ हवंच.

मर्यादा : तोल, ब्रेक, वळण आणि मागच्या गाडीचा अंदाज घरात शिकता येत नाही. त्यामुळे बऱ्याच दिवसांनी बाहेर पडताना आधी कमी वर्दळीचा रस्ता निवडावा. हेल्मेट आणि मागचा लाल दिवा विसरू नये.

ट्रेनर व्यायामाची सोय करतो, रस्ता सुरक्षित करत नाही. सायकलवरून कामावर जाणारा कामगार आणि पेपर टाकणारा पोरगा यांना घरात बसून पेडल मारण्याचा पर्याय नाही. त्यांच्यासाठी रस्ताच सुधारावा लागेल.