खारवलेलं मांस आणि बंद डबा

बकरी ईदनंतर औरंगाबादेत आमच्या गच्चीवर दोऱ्या बांधल्या जायच्या. हळद-मीठ लावलेल्या मांसाच्या पट्ट्या मराठवाड्याच्या उन्हात कडक वाळायच्या. दादी पट्टी मोडून बघायची. वाकली की पुन्हा उन्हात!

आखातात गेलेले नातलग ‘कॉर्न्ड बीफ’चं कौतुक सांगायचे, तेव्हा आम्हाला वाटायचं की त्यात मका असणार. इथे कॉर्न म्हणजे मिठाचा जाड खडा. म्हणजे दादीचीच रीत, फक्त उन्हाऐवजी डबा. बंद भांड्यात अन्न उकळून टिकवण्याची कृती फ्रान्सच्या निकोला अपेरनं 1810 मध्ये छापली.

फुगलेला, गंजलेला किंवा शिवणीवर चेपलेला डबा घेऊ नये, हे खरं. पण डोळ्यांना सगळं दिसत नाही. 1964 मध्ये स्कॉटलंडच्या अ‍ॅबरडीनमध्ये अर्जेंटिनाच्या कॉर्न्ड बीफमधून विषमज्वर पसरला आणि चारशेहून अधिक लोक आजारी पडले. डबे थंड करायला वापरलेलं नदीचं अशुद्ध पाणी आत शिरलं होतं.

महाराष्ट्रात मात्र 4 मार्च 2015 पासून आधी जनावर कोणतं हे बघावं लागलं. बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली, म्हैस वगळली गेली. बाहेरून आणलेलं गोमांस जवळ बाळगणंसुद्धा गुन्हा ठरलं. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद. 6 मे 2016 रोजी मुंबई उच्च न्यायालयानं हे बाळगण्याचं कलम रद्द केलं, कत्तलबंदी कायम ठेवली.

गच्चीवर आता दोरी नसते. म्हशीचं मांस आणलं तरी पावती जपून ठेवतो.