शनिवार तेल्यांचे सुभेदार आणि आमचे अर्ज

पलटणीत नोकरी केलेल्या वाडवडिलांचा अभिमान आमच्या समाजास आहे, आणि तो योग्यच होय. परंतु मुंबई लष्करात त्यांच्याबरोबर लढलेल्या एका लहान समाजाची ओळख आमच्या बारामती-इंदापूरकडील तरुण पिढीस करून देणे आम्हांस अगत्याचे वाटते. तो समाज म्हणजे कोकणातील बेने इस्रायल, अर्थात मराठी बोलणारे यहुदी.

कुलाबा जिल्ह्यात तेल गाळणारे व शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून लोक त्यांस ‘शनिवार तेली’ म्हणत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते कंपनीच्या पलटणींत दाखल होऊ लागले. संख्या अल्प असूनही त्यांच्यातील अनेकजण सुभेदार व सुभेदार-मेजर झाले. त्यांपैकी सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईस आपल्या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. टिपूच्या कैदेतून सुटल्याची ती कृतज्ञता होती, असे परंपरा सांगते.

पुढे १८९० च्या दशकात जातवार पलटणी बांधण्याचे धोरण दृढ झाले. ‘लढवय्ये नव्हेत’ असे ठरवून महारांची भरती १८९२ च्या सुमारास बंद करण्यात आली. बेने इस्रायलांची तर स्वतंत्र कंपनी उभी राहील एवढी संख्याच नव्हती. तेव्हा त्यांचीही वाट खुंटली.

या अन्यायाविरुद्ध प्रथम लेखणी उचलली ती निवृत्त सैनिकांनी. पेन्शनर हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली सरकारकडे अर्जाचा उपक्रम केला. जी कऱ्हा बारामतीवरून वाहत नीरेस मिळते, तिच्याच काठी सासवडला शिवराम जानबा कांबळे यांनी १९०२ साली सभा भरविली. १९१० साली जेजुरीच्या परिषदेतून अर्ज थेट भारतमंत्र्यांकडे गेला. पूर्वजांची लष्करी सेवा हाच त्यांचा पुरावा होता. १९१७ साली महार पलटण उभी राहिली, १९२१ साली मोडली. अखेर १९४१ साली महार रेजिमेंट स्थापन झाली.

बेने इस्रायलांनीही स्वतंत्र भारतात आपली परंपरा राखली. त्या समाजातील बी. ए. सॅमसन हे आपल्या जिल्ह्यातील खडकवासला प्रबोधिनीचे प्रमुख होते, व १९६५ च्या युद्धात भारतीय आरमारी ताफ्याचे नेतृत्व त्यांच्याकडे होते.

यावरून आम्ही एकच बोध घेतो. शौर्याची नोंद नसेल तर हक्काचा अर्ज दुबळा ठरतो. म्हणून ज्यांच्या घरी जुन्या सनदा, बिल्ले वा पेन्शनीचे कागद असतील, त्यांनी ते जिवापाड जपावेत आणि मुलांकडून वाचवून घ्यावेत, ही आमची सर्व कुटुंबांस नम्र विनंती आहे.