दोन कड्या

रांजणगावच्या आमच्या जुन्या घराच्या पडवीत, भिंतीत दोन लोखंडी कड्या आहेत. लहानपणी आम्ही त्यांना झोका बांधायचो. त्या घोड्यांच्या आहेत हे आजीनं सांगितलं, तोवर मी कॉलेजात गेलो होतो.

मायलेकी होत्या म्हणे. एका दुष्काळात पणजोबांनी धाकटी विकली. थोरली रात्र रात्र खिंकाळायची, पुढ्यातला कडबा तसाच पडून. शेवटी पणजोबांनी कुठूनशी एक गाढवी आणून रिकाम्या कडीला बांधली. अख्खं गाव हसलं. घोडी मात्र खायला लागली!

मंडळी, आपला मुलूख भीमथडीचा. इथल्या तट्टांवर मराठी फौजा उत्तरेपर्यंत गेल्या, हे आपण छाती फुगवून सांगतो. शिरूरला अजून घोडनदी म्हणतात. तालुक्यात आलेगाव पागा नावाचं गावच आहे. पण घोडा आला की आपण लगेच स्वाराकडे बघतो. मी सध्या उलटं बघायचा प्रयत्न करतोय.

बारगिराला घोडं सरकारी पागेतून मिळायचं. पागेत ते शेकडो जनावरांत राहायचं, अगाडी-पिछाडी बांधलेलं असलं तरी शेजारी ओळखीचा वास असायचा. शिलेदार मात्र घोडं घरून आणायचा. म्हणजे दसऱ्याला सीमोल्लंघन करून तो मोहिमेवर निघाला की कुठल्या तरी पडवीतली एक कडी रिकामी व्हायची. घरच्या बाईमाणसांच्या ताटातुटीवर निदान ओव्या तरी आहेत. मागं राहिलेल्या घोडीचं काय झालं, ते कोण लिहिणार? बखरकाराला वेळ नव्हता. असो.

घोडी एकमेकींची मान आणि वशिंडाच्या जागेचा भाग दातांनी खाजवतात ना, त्याबद्दल १९९३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फ्रान्समधल्या कामार्गच्या घोड्यांना नेमकं तिथं खाजवलं की त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावतात, असं त्यात दिसलं. धनगरांना हे सांगायला गेलो तर हसतील. त्यांची तट्टं बिऱ्हाड, कोंबड्या, कोकरं पाठीवर घेऊन कोकणापर्यंत जातात. आणि मुक्कामाला ओझं उतरलं की दोघं उलटसुलट उभी राहून शेपटीनं एकमेकांच्या तोंडावरच्या माश्या हाकलतात. मी हे न्हावऱ्याच्या रस्त्याला गाडी थांबवून पाहिलंय. बायको म्हणाली, उशीर होतोय.

भीमथडी घोड्याची आता स्वतंत्र जात म्हणून सरकारदरबारी नोंद झाली आहे. त्यात उंची, रंग, बांधा सगळं असणार. आनंदच आहे.

परवा पडवीला गिलावा करताना मिस्त्रीनं विचारलं, कड्या कापू का? नको म्हटलं.

काका, आत्या, तुमच्यापैकी कुणाला आठवत असेल तर कळवा: धाकटी कुठल्या गावाला गेली? आणि तिथं तिच्या शेजारी कुणी होतं का?