बुक क्लिफ्स: तेलवाल्यांची उघड्यावरची शाळा

आजच्या भागात तेल आहे, पण तेलविहीर जवळजवळ नाही. दिवसाढवळ्या पडलेला दरोडा आहे, खाणीतला स्फोट आहे, आणि जगातल्या एका बलाढ्य तेल कंपनीच्या लाडक्या तक्त्याची एका प्राध्यापकाने रँडम नंबर वापरून घेतलेली फिरकी आहे. हे सगळं एका कड्याभोवती फिरतं. अमेरिकेतल्या युटा राज्यातला कडा, नाव बुक क्लिफ्स. अनेक वर्षं तेल कंपन्या आपल्या इंजिनिअर आणि भूवैज्ञानिकांना विमानाचं तिकीट काढून इथे आणतायत. बरं, ते इथे तेल शोधायला येत नाहीत. दगड बघायला येतात.

आता तुम्ही म्हणाल, ऑफिसात एवढे मोठे कॉम्प्युटर असताना दगड कशाला बघायचे? त्यासाठी आधी तेल जमिनीखाली असतं कसं, ते बघू. आपल्या डोक्यात चित्र असतं की खाली एखादं काळं तळं असेल, पाइप घातला की सुर्रकन वर. तसं काही नसतं. तेल असतं दगडात. वाळूचा दगड, म्हणजे वालुकाश्म, त्याच्या कणांमधल्या बारीक फटींत. पाण्यात बुडवलेली वीट आठवा. बाहेरून घट्ट दिसते, पण आत पाणी मुरलेलं असतं. तेल तसं.

म्हणजे प्रश्न असा उरतो: वाळूचा थर कुठून कुठपर्यंत गेलाय आणि मध्ये कुठे तुटलाय? हे कळायला कंपनीकडे दोन साधनं. एक साइझ्मिक, म्हणजे जमिनीत ध्वनिलहरी सोडायच्या आणि प्रतिध्वनीवरून आतलं चित्र बनवायचं. पण त्या चित्राचं रेझोल्यूशन कमी असतं. गणित सोपं आहे. दगडात लहरीचा वेग सेकंदाला 3000 मीटर धरा, वारंवारता 30 हर्ट्झ. लहरीची लांबी आली 100 मीटर. साधारण तिच्या पाव भागाइतकं दिसतं, म्हणजे 25 मीटर. आठ मजली इमारतीपेक्षा बारीक काही असेल तर ते धूसर. दुसरं साधन म्हणजे विहीर. तिच्यातून दगडाचा कोअर काढतात, तो साधारण 10 सेंटिमीटर जाड. त्यात वाळूचा एकेक कण दिसतो, पण फक्त तेवढ्याच दहा सेंटिमीटरचा. पुढची विहीर एखाद किलोमीटरवर.

या दोन विहिरींच्या मध्ये काय आहे? कोणालाच माहीत नाही. इथे सगळा धंदा अंदाजाचा. आणि एक चुकीचा अंदाज म्हणजे कोट्यवधी डॉलरची कोरडी विहीर.

बुक क्लिफ्समध्ये हा मधला भाग उघडा पडलाय. युटामधल्या हेल्पर आणि प्राइस या गावांजवळून निघून कोलोरॅडोत ग्रँड जंक्शनच्या शेजारी पॅलिसेडपर्यंत, 300 किलोमीटरच्या आसपास लांबीची ही कड्यांची ओळ. वर वालुकाश्माची उभी भिंत, खाली करड्या चिखलाच्या दगडाचा उतार. लांबून फळीवर मांडलेल्या पुस्तकांसारखी दिसते, म्हणून हे नाव. वाळवंटी प्रदेश असल्यामुळे झाडं कमी, माती कमी, थर स्वच्छ दिसतात.

आपल्याला वाटेल, थर तर आमच्या सह्याद्रीतही दिसतात! दिसतात की. माळशेजला पावसाळ्यात जाऊन या, एकावर एक पायऱ्या. पण ते लाव्हाचे थर, सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचे. बुक क्लिफ्सचे थर त्याहून जुने, 8 कोटी वर्षांच्या आसपासचे, आणि ते समुद्रकिनाऱ्यावर साचलेले. तेव्हा उत्तर अमेरिका मधोमध दुभंगलेली होती. आर्क्टिकपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत एक उथळ समुद्र पसरलेला होता. त्याच्या पश्चिमेला डोंगर. डोंगरातून नद्या वाळू घेऊन पूर्वेला यायच्या आणि किनारा हळूहळू समुद्रात सरकवायच्या.

त्यामुळे आज त्या कड्याच्या पायथ्याने हायवेवरून पूर्वेला गाडी चालवणं म्हणजे एका जुन्या किनाऱ्यावरून खोल पाण्यात उतरत जाणं. पश्चिमेला कोळसा, म्हणजे किनाऱ्यामागची दलदल. मग स्वच्छ वाळू, म्हणजे पुळण. तिच्यात कोळंबीसारख्या प्राण्यांची बिळं दगड होऊन बसलीत. कोकणात ओहोटीच्या वेळी पुळणीवर बारीक भोकं दिसतात ना, त्यांचे दूरचे पूर्वज समजा. पुढे वादळी लाटांनी वळ्या पाडलेली बारीक वाळू, आणि शेवटी नुसता गाळ.

आता इतिहास. या कड्याचे पहिले विद्यार्थी तेलवाले नव्हते, कोळसेवाले होते. हेल्पर गावाचं नावच रेल्वेवरून पडलंय. पुढच्या चढणीला मालगाडी ओढायला जादा इंजिन जोडायचे, ते ‘हेल्पर’. आपल्या कर्जत-लोणावळा घाटातल्या बँकरसारखंच. शेजारी कॅसल गेट नावाचं खाणगाव होतं. तिथे 21 एप्रिल 1897 ला बुच कॅसिडीने भर दुपारी कोळसा कंपनीचा पगार लुटला आणि घोड्यावरून पसार झाला. ही गोष्ट सगळे गाइड रंगवून सांगतात. 8 मार्च 1924 ची गोष्ट मात्र रंगवण्यासारखी नाही. त्या दिवशी कॅसल गेटच्या 2 नंबरच्या खाणीत स्फोट झाला आणि आत असलेले सर्वच्या सर्व 171 जण गेले. त्यात ग्रीस, इटलीहून पोट भरायला आलेले कितीतरी.

या कोळशासाठीच अमेरिकेच्या सरकारी भूवैज्ञानिकांनी 1920 आणि 30 च्या दशकांत हे कडे पायी तुडवून नकाशे केले. एडमंड स्पायकर हे त्यातलं मोठं नाव. पुढे 1955 मध्ये रॉबर्ट यंग यांनी इथली वाळू आणि चिखल एकमेकांत जिभांसारखे कसे घुसलेत, ते मांडलं. थरांची नावं बघा: केनिलवर्थ, सनीसाइड, स्प्रिंग कॅन्यन. ही सगळी खाणींची आणि खाणगावांची नावं. आज ह्यूस्टनच्या एसी ऑफिसात कोणी ‘केनिलवर्थ’ म्हणतो तेव्हा तो खरं तर एका कोळशाच्या खाणीचं नाव घेत असतो. मला हा तपशील फार आवडतो. ज्यांनी घाम गाळला त्यांचं निदान गावाचं नाव तरी दगडात राहिलं.

मग आली एक्सॉन. पीटर व्हेल नावाचा भूवैज्ञानिक, नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात लॉरेन्स स्लॉस यांच्या हाताखाली तयार झालेला. त्याचं म्हणणं असं, की साइझ्मिक चित्रातल्या रेघा म्हणजे नुसत्या दगडाच्या जाती नव्हेत, त्या काळाच्या रेघा आहेत. समुद्राची पातळी वर-खाली होते तसे गाळाचे संच बनतात, आणि ते वाचता आले तर वाळू कुठे असेल ते आधीच सांगता येईल. 1977 मध्ये अमेरिकन असोसिएशन ऑफ पेट्रोलियम जिऑलॉजिस्ट्सने हे काम एका जाडजूड ग्रंथात छापलं आणि धंद्यात खळबळ उडाली. पण साइझ्मिक धूसर, हे आपण बघितलंच. विहिरीच्या पातळीवर हा विचार उतरवायचा तर उघडा दगड हवा. ते काम एक्सॉनच्याच जॉन व्हॅन वॅगनर आणि सहकाऱ्यांनी केलं. 1990 मध्ये त्यांचं पुस्तक आलं: विहिरीचे लॉग, कोअर आणि उघडे कडे, तिन्ही एकत्र. त्यातला एक मुख्य कडा म्हणजे आपला बुक क्लिफ्स. कंपनीच्या आतलं शहाणपण असं सगळ्यांच्या हातात आलं. मग बाकीच्या कंपन्या, विद्यापीठं, सल्लागार, सगळ्यांच्या व्हॅन युटाच्या दिशेने वळल्या. उत्तर समुद्रातल्या ब्रेंटच्या साठ्यांवर काम करणारे ब्रिटिश आणि नॉर्वेजियन लोकही इथे येतात, कारण त्यांची वाळूही अशाच जुन्या किनाऱ्या-त्रिभुज प्रदेशाची, फक्त समुद्राच्या तळाखाली काही किलोमीटर गाडलेली.

ट्रिपमध्ये करतात काय? माझ्या मते सगळ्यात भारी व्यायाम हा. सकाळी व्हॅनच्या बॉनेटवर दोन-चार विहिरींचे गॅमा-रे लॉग पसरतात. चिखलात किरणोत्सर्गी पोटॅशियम, थोरियम जास्त, वाळूत कमी. त्यामुळे रेघ उजवीकडे गेली की चिखल, डावीकडे आली की वाळू. हातात रंगीत पेन्सिली. सांगतात, जोडा थर. नवखा माणूस काय करतो? या विहिरीतली वाळू त्या विहिरीतल्या वाळूला सरळ रेघ मारून जोडतो. एकच लांबलचक पिवळा पट्टा. दिसायला सुंदर.

मग दुपारी त्याच कड्याखाली नेतात. आणि तिथे दिसतं की तो पट्टा एक नाहीच. किनारा पुढे सरकला, मग समुद्र चढला आणि वाळूवर चिखलाची पातळ चादर पसरली, मग पुन्हा वाळू, पण आधीपेक्षा जरा पुढे. कौलं एकावर एक चढवावीत तसे तिरपे तुकडे. दोन्ही विहिरींत वाळू आहे, पण वेगवेगळ्या कौलातली! मध्ये चिखलाची चादर. ती मीटरभर जाड असली तरी साइझ्मिकला दिसत नाही, आणि तेलाला ओलांडता येत नाही.

यात पैसा कुठे अडकलाय बघा. जुन्या साठ्यातून तेल ढकलून काढायला एका विहिरीतून पाणी सोडतात आणि दुसरीतून तेल येईल म्हणून वाट बघतात. दोन्ही विहिरी वेगळ्या कौलात असतील तर वर्षभर पाणी सोडा, पलीकडे काही हलत नाही. आपल्याकडे दोन सर्व्हर एकाच नेटवर्कवर आहेत असं समजून रात्रभर डीबग करत बसावं आणि मध्ये फायरवॉल निघावी, तसं.

पण बुक क्लिफ्स म्हणजे वेदवाक्य नाही, हेही सांगायला हवं. दुसऱ्या प्रकारच्या साठ्याला दुसरा कडा लागतो. आपलंच मुंबई हाय घ्या. 1974 मध्ये ‘सागर सम्राट’ने शोधलेला हा साठा मुख्यतः चुनखडीतला आहे. त्याला युटाची वाळू फारशी कामाची नाही. चुनखडीवाले टेक्सासच्या ग्वाडालुपे पर्वतात जातात, जिथे जुनं, मुख्यतः स्पंज आणि शैवालांनी बांधलेलं बेटच डोंगर होऊन उभं आहे. तिथल्या मॅकिट्रिक कॅन्यनची हजारो एकर जमीन वॉलेस प्रॅट या तेल कंपनीतल्याच भूवैज्ञानिकाने राष्ट्रीय उद्यानासाठी दान केली.

आणि आता ती फिरकी. व्हेल आणि मंडळींनी पुढे जाऊन जगभरच्या समुद्रपातळीच्या चढउतारांचा एक तक्ता केला. त्याची सुधारलेली आवृत्ती 1987 मध्ये ‘सायन्स’मध्ये आली. दावा असा, की तुमच्या विहिरीतले थर या तक्त्याशी जुळवा आणि वय काढा. अडचण एवढीच, की त्यामागचा बराच डेटा कंपनीचा, म्हणजे कुलूपबंद. कॅनडातले प्राध्यापक अँड्र्यू मियाल यांना हे पटेना. 1992 मध्ये त्यांनी चार खोट्या विहिरी बनवल्या. त्यातल्या घटनांच्या तारखा चक्क रँडम नंबरच्या टेबलवरून घेतल्या. मग त्या तक्त्याशी ताडून पाहिल्या. सगळ्यात वाईट जुळणी किती निघाली? 77 टक्के! कारण उघड आहे. तक्त्यावर घटना इतक्या दाटीने आहेत की वय मोजण्यातली चूकच त्यांच्यातल्या अंतरापेक्षा मोठी ठरते. दादरला कधीही प्लॅटफॉर्मवर जा, पाच मिनिटांत कुठली ना कुठली लोकल येतेच. त्यावरून ‘मी बरोब्बर टायमिंग साधलं’ म्हणणं कितपत खरं? मशीन लर्निंगवाल्या मित्रांनी हा पेपर भिंतीवर लावावा असं माझं मत आहे.

तक्त्याचा रुबाब उतरला, कड्याचा नाही. कारण कड्यावर डेटा कुलूपबंद नव्हता. एक्सॉनचं पटलं नाही तर तुम्ही स्वतः जाऊन बघू शकत होतात, आणि लोकांनी तेच केलं. व्हॅन वॅगनरच्या काही रेघांवरही पुढे बरेच वाद झाले, तेही त्याच दगडासमोर उभं राहून.

या शाळेचा खरा शत्रू वेगळाच आहे: तेलाचा भाव. 1986 मध्ये भाव कोसळला, 2014 नंतर शंभर डॉलरच्या वरून तीसच्या खाली आला. भाव पडला की आधी कात्री लागते ती प्रशिक्षणाला. मॅनेजरला ट्रिप म्हणजे पिकनिक वाटते. ग्रीन रिव्हर गावात मोटेलमध्ये राहून कलिंगडं-खरबुजं खायला कशाला पाठवायचं? (ते गाव खरंच खरबुजांसाठी प्रसिद्ध आहे.) आणि 2020 मध्ये तर सगळंच थांबलं. 20 एप्रिलला अमेरिकी तेलाचा वायद्याचा भाव शून्याखाली, उणे 37 डॉलरपर्यंत गेला, आणि विमानंही बंद.

मग कडे स्क्रीनवर आले. ड्रोन आणि लेझर स्कॅनने केलेली थ्रीडी मॉडेल्स त्याआधीपासूनच होती. नॉर्वेतल्या बर्गन आणि स्कॉटलंडमधल्या अॅबरडीनच्या संशोधकांचा ‘सफारी’ हा अशा कड्यांच्या मोजमापांचा साठा त्यातलाच. मी सॉफ्टवेअरवाला, मला हे आवडायलाच हवं, आणि आवडतंही. उभ्या भिंतीवर जिथे माणूस चढू शकत नाही तिथला थर माउसने मोजता येतो. व्हीलचेअरवरच्या भूवैज्ञानिकाला पहिल्यांदाच तो कडा ‘चढता’ येतो. पुण्यातल्या विद्यार्थ्याला व्हिसा लागत नाही.

तरी एक गोष्ट स्क्रीनवर हरवते, ती म्हणजे माप. झूम केलं की मीटरभराची चिखलाची चादर आणि पंचवीस मीटरची वाळू दोन्ही स्क्रीनभर होतात. कड्याखाली मान वर करून उभं राहिलं की तसं होत नाही. आठ मजले उंच भिंत डोक्यावर असते, आणि ऑफिसातल्या साइझ्मिकवर ती फक्त एक रेघ होती हे तुम्हाला माहीत असतं. म्हणून विमानं सुरू झाल्यावर व्हॅन परत यायला लागल्या. आता बरेच कोर्स दोन्ही मिळून चालतात: आधी लॅपटॉपवर मॉडेल फिरवायचं, मग हेल्मेट घालून कॅन्यनमध्ये जायचं, आणि संध्याकाळी तीच पिवळी रेघ खोडून पुन्हा काढायची.