'काल्पनिक' म्हणून हिणवलेली संख्या

संख्यांच्या इतिहासात एक गोष्ट वारंवार आढळते. नवी संख्या दाराशी आली की विद्वान प्रथम तिला नाकारतात, मग नाइलाजाने वापरतात आणि अखेर घरात घेतात. मोजण्यासाठी नैसर्गिक संख्या होत्याच. कर्जासाठी ऋण संख्या आल्या, वाटणीसाठी अपूर्णांक आले, चौरसाच्या कर्णासाठी √२ सारख्या अपरिमेय संख्या आल्या. या सर्वांची मिळून वास्तव संख्यांची एक सरळ रेषा झाली.

त्या रेषेवर एका प्रश्नाला मात्र उत्तर नव्हते. कोणत्या संख्येचा वर्ग −१ होतो? धनाचा वर्ग धन आणि ऋणाचाही धनच. म्हणून भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'बीजगणिता'त निर्णय दिला की, ऋण संख्येला वर्गमूळ नाही. त्या रेषेपुरता तो निर्णय आजही अचूक आहे.

इटलीत १५४५ साली कार्दानोने 'आर्स माग्ना' या ग्रंथात १० चे असे दोन भाग मागितले की, त्यांचा गुणाकार ४० व्हावा. उत्तर आले ५+√−१५ आणि ५−√−१५. गुणाकार बिनचूक जुळला. तरीही त्याने ते निरुपयोगी ठरवले.

त्याचे मर्म उलगडले ते राफाएल बोंबेल्ली या अभियंत्याने. रोमच्या दरबारातील मोन्सिन्योर रुफिनी यांच्या आश्रयाने तो कियाना खोऱ्यातील दलदल उपसण्याचे काम करीत होता. ते काम काही वर्षे थांबले, तेव्हा त्याने बीजगणिताचा ग्रंथ लिहावयास घेतला. तो १५७२ साली प्रसिद्ध झाला. क्ष³ = १५क्ष + ४ या समीकरणाचे उत्तर ४ आहे, हे कोणीही पडताळून पाहावे: ६४ = ६० + ४. परंतु ठरलेल्या सूत्राने जावे, तर वाटेत √−१२१ आडवे येते. बोंबेल्ली मागे फिरला नाही. २+√−१२१ चे घनमूळ २+√−१ आणि २−√−१२१ चे २−√−१, हे त्याने दाखवले. दोहोंची बेरीज केली की 'अशक्य' भाग एकमेकांना छेदतात आणि ४ हाती येतात. खऱ्या उत्तराची वाट अशक्यातून गेली होती!

तरीही १६३७ साली देकार्तने या संख्यांना 'काल्पनिक' हे नाव दिले आणि ते चिकटले. सेमिनरीत आम्हांस शिकवले गेले की, काही वस्तूंचे अस्तित्व केवळ बुद्धीत असते. मग ही संख्या त्यांपैकीच काय? १७९७ साली वेसेल या नॉर्वेजियन भूमापकाने डॅनिश अकादमीपुढे उत्तर ठेवले: √−१ रेषेवर शोधू नका, ते रेषेला काटकोनात आहे. −१ ने गुणणे म्हणजे पाठ फिरवणे. √−१ ने गुणणे म्हणजे त्याच्या निम्मे, काटकोनात वळणे. दोनदा वळलात की पाठ फिरते. त्याचा निबंध जवळजवळ शतकभर दुर्लक्षित राहिला. पुढे १८३१ साली गाउसने या संख्यांना 'संमिश्र' म्हटले आणि त्यांना प्रतिष्ठा लाभली.

या विस्ताराने जुने काही मोडले नाही. वास्तव रेषा संमिश्र प्रतलात जशीच्या तशी राहिली. एक गोष्ट मात्र सोडावी लागली. बेरीज-गुणाकाराचे नियम सांभाळून या प्रतलावरील संख्यांत लहान-मोठे ठरवता येत नाही. आम्हांस हा तोटा वाटत नाही. जे आपल्या रेषेवर बसत नाही ते खोटेच, असे म्हणण्यापूर्वी आपली रेषाच अपुरी नाही ना, हे तपासण्याची नम्रता या इतिहासाने आम्हांस शिकवली आहे.